एका शाळेची दोनदा झालेली सुनावणी

विलायतेला जाऊन आले म्हटलं की बायका विचारतात, राजाचा वाडा बघितला का, मोठं घड्याळ बघितलं का. नाही बघितलं. लेकाने दाखवतो म्हटलं होतं, पण माझे गुडघे आणि त्याची सुट्टी यांचा मेळ बसला नाही. मी बघितली ती डोंगरातली एक लहान शाळा, आणि मुलं कमी झाली म्हणून ती बंद करावी की नाही यासाठी भरलेल्या दोन सभा. शाळा दोन खोल्यांची. सभेला माणसंही आपल्या ग्रामसभेला असतात तेवढीच. त्यात लिहिण्यासारखं काय, असं कोणाला वाटलं तर त्याने पुढे वाचू नये.

गावाचं नाव लिहीत नाही. सुनेने तसं बजावलं आहे, आणि मला ते नाव नीट म्हणताही येत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

ब्रिस्टल

माझा मुलगा श्रीकांत ब्रिस्टलला विमानाच्या पंखांची कामं करणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर आहे. सून केतकी पुण्याची. तिची नोकरी पुलापलीकडे वेल्समध्ये, एका कौन्सिलमध्ये. कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषद समजा. शाळा, रस्ते, कचरा, म्हाताऱ्याकोताऱ्यांची देखभाल, सगळं तिच्याकडे. केतकी आठवड्यातले काही दिवस घरून काम करते आणि बाकीचे दिवस तिकडे जाते.

वेल्स हा वेगळा देश आहे असं ती म्हणाली. मी म्हटलं, "मग पासपोर्ट लागेल?"

"नाही आई. राजा एकच आहे. पण यांची आपल्या विधानसभेसारखी सभा वेगळी आहे, कायदे काही वेगळे, भाषा वेगळी. छोटा देश आहे."

"छोटा म्हणजे?"

"आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा धरा."

केतकीचं आणि माझं वाईट नाही, आणि फार गोडही नाही. ती हळू बोलते आणि पाच वेळा विचार करून बोलते. मी तशी नाही. चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा लांब होती म्हणून घरी बसवलं. तोंडात येईल ते बोलायची सवय शेतात लागली ती गेली नाही.

श्रीकांतला कामासाठी फ्रान्सला जावं लागलं, आणि त्याच आठवड्यात केतकीची वेल्सला सभा होती. मला एकटीला घरात ठेवायला दोघं तयार होईनात. मी काही मूल नाही, पण तिथला गॅस, तिथलं कुलूप, दार उघडून बाहेर गेलं की आपोआप लागणारं लॅच, यांनी मला एकदा साडीवर थंडीत उभं केलं होतं. म्हणून मी गाडीत बसले.

पुलापलीकडे

पूल लांब आहे. खाली पाणी चिखलाच्या रंगाचं, आपल्या नदीच्या पुराच्या पाण्यासारखं. पूल संपला की पाट्या बदलतात. वर त्यांची भाषा, खाली इंग्रजी. पुढे बराच वेळ मोठा रस्ता, मग लहान, मग एवढा लहान की समोरून गाडी आली तर एकाने मागे जाऊन कडेला थांबायचं. कोण मागे जाईल यावरून कोणी भांडत नाही, जो मागे गेला त्याला दुसरा हात वर करून दाखवतो. आमच्याकडे त्या जागी दोन तास गेले असते आणि सरपंचाला बोलवावं लागलं असतं.

डोंगर हिरवे, पण झाडं कमी. सगळीकडे मेंढ्या, पाठीवर निळा किंवा लाल रंग फासलेल्या, कोणाच्या कोणत्या ते ओळखायला. आमच्याकडचे मेंढपाळही तसंच करतात. घरं काळ्या पाटीच्या दगडांनी शाकारलेली. पाऊस थांबतो आणि परत येतो, कोणाला त्याचं काही वाटत नाही.

शाळा दिसली तरी केतकी थांबली नाही. तशीच पुढे खिंडीतून पलीकडच्या मोठ्या गावाच्या शाळेपर्यंत गाडी नेली, परत आणली, आणि पुन्हा नेली. दर वळणावर थांबून टॅबवर काहीतरी टिपत होती.

"हे काय चाललंय?"

"शाळा बंद झाली तर मुलं या रस्त्याने जातील ना. बस कुठे वळेल, कुठे थांबेल ते बघतेय."

मी मनात म्हटलं, म्हणजे ठरलं आहे.

आमच्या गावात वळणरस्त्यासाठी सुनावणी झाली होती. साहेब आले, मंडप घातला, चहा-बिस्किटं दिली, कोणाला काही म्हणायचं आहे का विचारलं. रस्त्याचे खांब आदल्या महिन्यातच आमच्या शेतात रोवून झाले होते. माझ्या दिराने त्या खांबाला म्हैस बांधली होती. सुनावणी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते सगळ्या जगात तसंच असणार अशी माझी खात्री होती.

आम्ही पलीकडच्या गावात एका बाईच्या घरी खोली घेऊन उतरलो. तिने रात्री मटणाचा रस्सा दिला, बटाटे, गाजर आणि कांद्याच्या पातीसारखी एक जाड भाजी घातलेला. हळद नाही, तिखट नाही, मीठ आणि मिरी. बाळंतिणीला देतात तसा. मी दोन वाट्या खाल्ला. केतकी मटण खात नाही, ती पाव आणि चीज खाऊन झोपली.

पहिली सभा

सभा शाळेतच होती, मुलं घरी गेल्यावर. कौन्सिलतर्फे लोकांचं ऐकून घ्यायचं काम केतकीकडे होतं. बसायला मुलांच्याच लहान खुर्च्या. मोठमोठे शेतकरी गुडघे छातीशी घेऊन बसले होते. हार नाही, नारळ नाही, स्वागतगीत नाही. कौन्सिलवर निवडून आलेला मेंबरही त्याच लहान खुर्चीवर. दीपप्रज्वलनात आपला किती वेळ जातो ते मला तिथे जाणवलं.

दारात एक मुलगी कानाला लावायची यंत्रं वाटत होती. ज्यांना वेल्श येत नाही त्यांच्यासाठी. माणूस वेल्शमध्ये बोलतो, कोपऱ्यात काचेमागे एक बाई बसलेली असते, ती लगेच इंग्रजीत सांगते आणि ते कानात ऐकू येतं. ज्याच्या कानाला यंत्र, तो बाहेरचा, हे लगेच दिसतं. केतकीच्या कानाला होतं. मलाही एक दिलं. ऐकलं तर इंग्रजी. काढून मांडीवर ठेवलं. मला दोन्ही भाषा सारख्याच.

म्हणून मी तोंडं बघत बसले. बोलणारा विनोद करायचा तेव्हा आधी गावची माणसं हसायची, मग थोड्या वेळाने यंत्रवाले. हसू असं दोन हप्त्यांत यायचं. केतकी दुसऱ्या हप्त्यातली. आपली जागा आपल्याला रोज दिसत असेल तर माणूस हळू बोलायला शिकत असेल, हे मला पहिल्यांदा वाटलं.

माणसं रागावली होती, पण एकाचं संपल्याशिवाय दुसरा उठत नव्हता. शेवटी एक उंच म्हातारा उभा राहिला. इव्हान त्याचं नाव. मेंढ्या पाळणारा, हातात टोपी. तो बराच वेळ बोलला आणि कोणी चुळबूळ केली नाही. संपवताना तो केतकीकडे वळला आणि थेट तिला काहीतरी म्हणाला. पुढच्या रांगेतल्या काही जणांनी माना खाली घातल्या. मला वाटलं तो तिला टाकून बोलला. पण केतकीने छातीवर हात ठेवून मान लववली. मला त्यातलं काही कळलं नाही.

मग चहा. मनुका घातलेला गोड पाव, वर लोणी लावून. ज्यांनी सुनेवर आवाज चढवला तेच तिला चहा किती गोड हवा ते विचारत होते. मी भांड्यांच्या आवाजाने स्वयंपाकघरात गेले. कोणाच्या घरी गेलं आणि बायका काम करत असल्या की मला बसवत नाही. फडकं उचललं आणि कप पुसायला लागले.

तिथे मेगन होती. शाळेत मुलांचं जेवण करणारी, इव्हानची बायको, माझ्यापेक्षा थोडी लहान. अजून दोघी होत्या. श्रीकांतने माझ्या फोनमध्ये एक सोय करून दिली आहे, आपण मराठीत बोलायचं, फोन इंग्रजीत बोलतो, आणि उलटंही. मी तो ओट्यावर ठेवला.

मेगनने नाव विचारलं. मी हौसाबाई सांगितलं. ती म्हणाली, "हौसा." मला नुसतं हौसा म्हणणारं माणूस आमच्या गावात आता जिवंत नाही.

ती म्हणाली, "तू लांबून आलीस. तुला काय वाटतं, वाचेल आमची शाळा?"

मी म्हटलं, "नाही वाचणार. यांचं आधीच ठरलेलं असतं. सभा म्हणजे दाखवायला."

फोन मोठ्याने, स्पष्ट, रेडिओवरच्या बाईसारखा बोलला. तिघींचे हात थांबले.

एकीने विचारलं, "हे तुझ्या सुनेने सांगितलं?"

"तिने कशाला सांगायला पाहिजे? मला डोळे नाहीत का? आज दुपारी तिने बस कुठून जायची तो रस्ता दोनदा गाडी फिरवून बघितला."

फोनने तेही सांगितलं. जसं बोलले तसंच. मशीनची काही चूक नाही.

मेगनने हात पुसले, फडकं नीट घडी करून दांडीवर टाकलं आणि बाहेर गेली. मी दारातून बघितलं. तिने सगळ्यांसमोर केतकीला विचारलं. केतकीच्या हातात तो पावाचा तुकडा होता. ती हळूच म्हणाली, आणि एवढं इंग्रजी मला समजलं, "हो. मी रस्ता बघितला."

खोलीवर

केतकीने गाडी कुठे न थांबवता परत आणली. खोलीवर आल्यावर कोट न काढता पलंगावर बसली.

"आई, तुम्ही त्यांना का सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं. खोटं सांगू?"

"बसचा रस्ता बघणं हे प्रस्तावाचाच भाग आहे. लोकांनी विचारलं असतं, मुलं कशी जाणार, तर मला उत्तर द्यायला नको? ठरलं म्हणून नाही बघितला मी."

"मग ठरलं नव्हतं?"

ती बुटाची नाडी सोडायला वाकली.

"केतकी, मी काय विचारते? ठरलं होतं का?"

"मला वाटत होतं की दुसरं काही होऊ शकणार नाही. ठरलं नव्हतं."

"त्यात फरक काय?"

"खूप फरक आहे, आई! इथे ऐकून घ्यायच्या आधी मन बंद केलेलं असेल तर तो निर्णय कोर्टात टिकत नाही. सगळं परत करावं लागतं. आणि हे माझं पहिलं काम होतं, एकटीने करायचं."

"आमच्याकडे कोण एवढं बघतं?"

"आपल्याकडे नाही. पण इथे आहे. थोडंसं का होईना, आहे. आणि मला त्याच्यावर विश्वास आहे म्हणून मी ही नोकरी करते. तुम्हाला हसू येत असेल."

मला हसू आलं नव्हतं. पण मी तसं सांगितलंही नाही. ती तोंड धुवायला गेली आणि नळ बराच वेळ चालू होता.

मी मनात धरलं होतं की सकाळी ती सारवासारव करेल. म्हातारी आहे, तिला काही कळत नाही, असं वरच्यांना सांगितलं की संपलं. मी तरी तेच केलं असतं. तिने तसं केलं नाही. सकाळी नाश्त्याच्या आधी तिच्या वरच्या बाईला फोन करून घडलं ते सगळं सांगितलं, मी म्हणाले ते शब्दसुद्धा. माझ्यासमोरच बोलली. कोणी तक्रार करायच्या आत.

मधले दिवस

कौन्सिलच्या वकिलांनी पहिली सभा रद्द धरली. त्या दिवशी कोणी काय बोललं ते जमेत धरायचं नाही, सुनावणी पहिल्यापासून, आणि अधिकारी दुसरा. केतकीला त्या कामावरून काढलं. नोकरी गेली नाही, पण चौकशी लागली आणि तिला कचऱ्याच्या डब्यांच्या कामावर बसवलं. घरोघरी किती रंगांचे डबे असावेत याचं ते काम. श्रीकांत परत आल्यावर मला म्हणाला, "आई, तू पण ना!" एवढंच. दोघांनी मला दुसरं काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

मी त्या दिवसांत ब्रिस्टलच्या घरामागच्या तुकड्यात मेथी लावली. उगवली, पण वास नव्हता.

मग एक दिवस केतकी ऑफिसमधून आली आणि तिने सांगितलं की इव्हानला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू आणि बोलणं गेलं. दुसरी सभा पुढच्याच आठवड्यात होती.

मी म्हटलं, "मला तिथे जायचं आहे."

"मला बोलायची परवानगी नाही, आई. मागे बसून ऐकता येईल, फक्त."

"मग ऐकू. मला मराठीत सांग म्हणजे झालं."

दुसरी सभा

आता उन्हाळा होता. संध्याकाळी सभा सुरू झाली तरी ऊन भरदुपारचं. डोंगरावर मेंढ्यांची लोकर उतरवलेली, उघड्या दिसत होत्या. शाळेत त्याच लहान खुर्च्या. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. काही जणांनी केतकीला मान हलवून ओळख दाखवली, काहींनी दाखवली नाही. मेगनने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं नाही. एवढंच.

इव्हान पुढे चाकाच्या खुर्चीत होता. मांडीवर चादर, डावा हात वर.

नवा अधिकारी बाहेरच्या कौन्सिलमधून आणलेला, सभ्य माणूस. त्याने सुरुवातीलाच सांगितलं की आज जे बोललं जाईल किंवा येत्या आठवड्यात लिहून येईल तेच धरता येईल. केतकी यंत्रातून ऐकून माझ्या कानात मराठीत सांगत होती. वेल्शचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी, सगळं दोन पावलं मागून येत होतं, पण येत होतं.

मेगन उभी राहिली. "माझ्या नवऱ्याने मागच्या वेळी सांगितलंय. सगळ्यांनी ऐकलंय."

अधिकारी म्हणाला, "मला खरंच वाईट वाटतं. पण ते मी घेऊ शकत नाही. ते लिहून दिलेलं आहे का?"

"तो कधी काही लिहीत नाही. तो बोलतो."

माझ्या पुढच्या रांगेतला दुकानदार उठला. "तो म्हणाला होता, की बर्फ पडला की खिंड बंद होते. मुलं पलीकडे अडकली तर रात्री कोणाच्या घरी झोपणार, ते कौन्सिलने सांगावं." आणि त्याने इव्हानकडे बघितलं. इव्हानने मान वरखाली हलवली. अधिकाऱ्याने लिहून घेतलं.

एक बाई उठली. "तो म्हणाला, वर्गात कुठलीही भाषा शिकवा, पोरं ज्या भाषेत मैदानावर भांडतात ती त्यांची भाषा. मोठ्या गावात ती इंग्रजीत भांडतील." इव्हानची मान वरखाली.

एक तरुण बाप उठला. "तो म्हणाला, कौन्सिलवाले सगळे चोर आहेत."

इव्हानने मान जोरात आडवी हलवली. मेगन म्हणाली, "ते तू म्हणाला होतास, गॅरेथ." सगळे हसले. अधिकारीसुद्धा. इव्हानच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं.

असा एकेक जण उठत गेला. प्रत्येकाला त्याच्या बोलण्यातला आपापला तुकडा आठवत होता. शब्दावरून वादही झाले. एक म्हणे तो "मतदान" म्हणाला, कारण तेही याच शाळेत होतं, दुसरी म्हणे नाही, "मयताचा चहा" म्हणाला, म्हणजे मयतानंतर लोक इथेच जमतात, शाळा गेली तर कुठे जमायचं. इव्हानने दोन्हींना मान डोलावली. एका माणसाचं गेलेलं बोलणं सगळं गाव मिळून परत उभं करत होतं. आमच्याकडे मी असं बघितलेलं नाही. आमच्याकडे जो तो स्वतःचंच म्हणणं घेऊन उठतो.

सगळं झालं. अधिकाऱ्याने विचारलं, "एवढंच?"

इव्हानने मान आडवी हलवली.

कोणी उठलं नाही. अधिकारी थांबला. इव्हानने पुन्हा मान आडवी हलवली आणि डाव्या हाताने खुर्चीचा दांडा वाजवला. लोक आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. दुकानदार खिडकीबाहेर बघत होता.

"अजून काही राहिलं आहे का?" अधिकाऱ्याने मेगनला विचारलं.

मेगन म्हणाली, "नाही. एवढंच होतं."

इव्हान दांडा वाजवत राहिला. वेळ संपली तशी अधिकाऱ्याने आभार मानले आणि सभा संपवली. केतकीने माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं तिला बरं वाटत नाही.

परतताना

गावाबाहेर, समोरच्या गाडीला वाट द्यायला ठेवतात त्या जागेत तिने गाडी थांबवली.

"आई, मला आठवत होतं. तो शेवटी काय म्हणाला ते."

"मग ती माणसं का नाही बोलली? विसरली?"

"विसरली नाहीत. कोणीच विसरलं नव्हतं."

आणि तिने सांगितलं. इव्हान बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतः कौन्सिलवर निवडून गेला होता. तेव्हा शेजारच्या खोऱ्यातली शाळा बंद झाली. त्याने बंद करायच्या बाजूने हात वर केला होता. तिथली मुलं या शाळेत आली, म्हणून ही शाळा इतकी वर्षं चालली. पहिल्या सभेत तो केतकीकडे वळून म्हणाला होता, "त्या लोकांना विचारायला आम्ही कोणी गेलो नाही. तू आमच्यापुढे येऊन विचारते आहेस, त्याबद्दल तुझे आभार. आमचं ऐकून घेऊन मग बंद केलीत, तर मी कोर्टात जाणार नाही."

आता गावाला हे नको होतं. कोर्टाची वाट त्यांना मोकळी हवी होती. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, त्यांची मुलं आहेत.

मी गाडीच्या काचेतून बाहेर बघत बसले. ज्या सभेला मी दाखवायची म्हणाले, त्या सभेत हा माणूस विचारल्याबद्दल आभार मानून गेला होता. आणि माझ्या बोलण्याने ती सभाच पुसली गेली. दिसलं ते मी खरंच सांगितलं होतं, ते आजही मागे घेत नाही. पण माझ्या खऱ्याने त्याचं खरं खोडलं गेलं, हेही खरं.

निकाल इथेच सांगून टाकते. शाळा बंद झाली. मी परत आल्यावर कौन्सिलच्या मोठ्या सभेत मतं पडली आणि बंद करायच्या बाजूने जास्त हात वर झाले. खिंड बंद झाली तर मुलांची सोय काय, ते मात्र त्यांना लिहून द्यावं लागलं. कोर्टात कोणी गेलं नाही.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "गाडी फिरव."

"मला त्यांच्याकडे जाता येणार नाही, आई. चौकशी चालू आहे."

"मग मला दारात सोड. मी जाते."

"तुम्ही जाऊन काय सांगणार? कुठल्या भाषेत?"

ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "उद्या सकाळी माझ्या वरच्या मॅडमना सांगेन, मी गेले होते म्हणून," आणि गाडी फिरवली.

मेगननेच दार उघडलं. केतकीने काही सांगायच्या आधी ती जे म्हणाली ते केतकीने मला नंतर मराठीत सांगितलं, "माहीत आहे कशाला आलीस. मीच त्यांना सांगितलं होतं, ते सोडून द्या म्हणून." मग दारातून बाजूला झाली.

आत इव्हान खिडकीपाशी होता. बाहेर अजून उजेड होता. केतकी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि त्याचे ते शब्द तिने त्याला इंग्रजीत परत सांगितले, हळू, एकही न गाळता. तो शेवटपर्यंत तिच्याकडे बघत होता. मग त्याने डावा हात उचलून बायकोकडे बोट केलं.

मेगन म्हणाली, "मी नाही म्हणणार."

त्याने हात खाली घेतला नाही.

ती पदरासारखं एप्रन हातात धरून चुरगाळत होती. मग तिने ते म्हटलं, त्यांच्या भाषेत, भिंतीकडे बघत, भरभर. त्याने मान आडवी हलवली. तिने पुन्हा म्हटलं, या वेळी त्याच्याकडे बघून, एकेक शब्द सावकाश.

तिचं म्हणून झालं. त्याने मान वरखाली हलवली आणि डोळे मिटले.

मेगनने टेबलाच्या खणातून कागद काढला, चष्मा लावला आणि अधिकाऱ्याला ते लिहायला बसली. आम्हाला तिने बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. तिचं लिहून होईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो.